शके १८४२ची पुस्तिका: एका जुन्या प्रतीच्या खरेदीचं प्रकरण

पंचवटीत राहणाऱ्या, आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या बाईंना एक जुनी पुस्तिका हवी होती. नाशिकला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी इथल्याच एका छापखान्यात छापलेली, शंभराच्या आत पानं असलेली, आणि शेवटी गोदाघाटाचा घडीचा नकाशा जोडलेली. मी त्यांचा जुना विद्यार्थी. जुन्या पुस्तकांच्या खरेदीविक्रीत बरीच वर्षं वावरतो आहे, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. हा व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत इथे मांडतो आहे, त्यांच्या संमतीने. पुस्तिकेचं नाव मात्र देत नाही. तिच्यातल्या एका भागाचा शोध अजून चालू आहे, आणि अशा वेळी नाव फुटलं की किंमत चढते.

बाईंना ही पुस्तिका संग्रहासाठी नको होती. २०२७च्या सिंहस्थाच्या निमित्ताने त्या रामकुंडाच्या आसपासच्या कुंडांवर एक टिपण तयार करत आहेत. कोणतं कुंड कुठे होतं, कोणी बांधलं, लोक त्याला काय म्हणत. गोदापात्रातल्या काही कुंडांवर पुढे काँक्रीट आलं, त्यामुळे त्यांच्या मूळ जागा आता जुन्या कागदांवरच शोधाव्या लागतात. १८८३ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिकवर आहे, त्यात घाटांचं आणि कुंडांचं वर्णन सापडतं, आणि तो आंतरजालावर फुकट वाचता येतो. तो बाईंनी वाचला होता. पण वर्णन वाचून जागा ठरत नाही. नकाशा लागतो, आणि तोही इथल्या माणसाने, इथल्या तोंडी नावांनी काढलेला.

एका वाचनालयात या पुस्तिकेची प्रत होती. सुरुवातीची पानं गेलेली, शेवटचं पान ९६. नकाशाच्या जागी शिवणीत अडकलेली कागदाची बोटभर पट्टी. कोणीतरी कधीतरी नकाशा फाडून नेला होता. जुन्या पुस्तकांत नकाशे आणि चित्रांची पानं सगळ्यात आधी जातात, हे या व्यवहारातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

मग आंतरजालावरचा डिजिटल संग्रह पाहिला. तिथे ही पुस्तिका होती. मजकूर नीट वाचता येत होता. पण स्कॅन करणाऱ्याने नकाशा उघडलाच नव्हता. घडी घातलेला नकाशा तसाच दाबून त्याचा फोटो घेतला होता. हे फार ठिकाणी दिसतं. पानं भराभर उलटून स्कॅन करताना घडीचं पान उलगडायला कोणी थांबत नाही. ज्याला फक्त मजकूर हवा आहे त्याने विकतच्या प्रतीमागे लागण्याआधी असे संग्रह जरूर पाहावेत; बहुतेकांचं काम तिथेच होतं. ज्याला नकाशा, तक्ता किंवा रंगीत चित्र हवं आहे त्याला मात्र खरी प्रतच मिळवावी लागते.

पहिली खरेदी

मला सांगण्याआधी बाईंनी एक प्रत मागवून घेतली होती. एका मोठ्या विक्री-संकेतस्थळावर नाव टाकल्यावर ती लगेच दिसली. ‘दुर्मिळ’, ‘कापडी बांधणी’, किंमत नऊशेच्या आसपास. चित्रात सोनेरी अक्षरांचं लाल पुस्तक. घरी आलं ते चकचकीत पांढऱ्या कागदावर छापलेलं, कापडात बांधलेलं नवं पुस्तक. त्याच फुकटच्या स्कॅनची छपाई. नकाशाच्या जागी करड्या रेघांचा चौकोन.

तक्रार करायला गेलो तर वर्णनाच्या अगदी तळाशी, ‘आणखी वाचा’ दाबल्यावर दिसणाऱ्या ओळींत, हे पुनर्मुद्रण असल्याचं लिहिलेलं होतं. चित्र केवळ नमुन्यासाठी, हेही. वर्णनाशी न जुळणारी वस्तू आली तर ग्राहक म्हणून दाद मागता येते, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण इथे वर्णन जुळत होतं. पैसे गेले.

मागणी आली की एक प्रत छापून बांधायची, हा धंदा मुळात वाईट नाही. जे पुस्तक कुठेच मिळत नाही ते कागदावर वाचायला मिळणं ही सोयच आहे. मला राग येतो तो ‘दुर्मिळ’ या शब्दाचा. जी प्रत मागाल तेव्हा छापून मिळते ती दुर्मिळ कशी? ओळखायच्या खुणा सोप्या आहेत: प्रकाशन वर्ष अलीकडचं, बांधणीची निवड तुमच्यावर सोडलेली, ‘उपलब्ध प्रती’ एकापेक्षा जास्त, आणि आतल्या पानांचा एकही फोटो नाही. शंभर वर्षांच्या पुस्तकाच्या पाच प्रती एकाच विक्रेत्याकडे एकाच किमतीला असतील, तर ते जुनं पुस्तक नाही.

इथूनच बाईंना आणि मला पुढच्या शोधाची रीत सापडली. नवीन पुस्तक घेताना आपण पुस्तक घेतो, कोणतीही प्रत हाती आली तरी चालते. जुनं पुस्तक घेताना आपण एक प्रत घेतो. तिचा नकाशा, तिची कसर, तिची हरवलेली पानं यांच्यासकट. म्हणून ‘हे पुस्तक आहे का?’ हा प्रश्न अपुरा पडतो. ‘तुमच्याकडची प्रत कशी आहे?’ असं विचारावं लागतं, आणि त्याचं उत्तर फक्त ज्याच्या हातात ती प्रत आहे तो माणूसच देऊ शकतो. त्यामुळे मोठी दुकानं सोडून आम्ही एकट्याने व्यवसाय करणाऱ्या विक्रेत्यांकडे वळलो.

१८४२ साल

असे विक्रेते आता महाराष्ट्रभर आहेत. कोणी रद्दीवाल्यांकडून निवडून आणतो, कोणी बंद पडलेल्या वाचनालयांचे किंवा वारसांनी काढून टाकलेले संग्रह घेतो. इन्स्टाग्रामवर फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं, यूपीआयवर पैसे. स्टेटसला पुस्तक टाकलं की ज्याचा ‘घेतो’ हा निरोप पहिला, त्याला ते मिळतं. तासाभरात चांगली पुस्तकं संपतात, आणि या घाईतच लोक न विचारता पैसे पाठवून मोकळे होतात.

शोधताना शुद्धलेखन मोकळं ठेवावं लागलं. जुन्या मुखपृष्ठांवर ‘नासिक’ असतं, आणि विक्रेता फोटो पाहून जसं वाचेल तसं लिहितो. १९७०च्या आधीच्या पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, नसतो, त्यामुळे आकड्याने शोधण्याची सोय नाही. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांसाठी मोठा आधार आहे; जुनी पुस्तकं घेणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी उघडावी. आमची पुस्तिका मात्र तिच्यात आम्हाला सापडली नाही. स्थानिक छापखान्यांतून निघालेल्या अशा लहान पुस्तिका सूच्यांमधून निसटतात.

शेवटी कोल्हापूरकडच्या एका विक्रेत्याच्या पानावर ती दिसली. ‘१८४२ सालचे अतिदुर्मिळ नाशिक यात्रा पुस्तक, किंमत ४,५००’. तीन फोटो: मुखपृष्ठ, नावाचं पान, आणि मधलं एक पान.

नावाच्या पानावर ‘शके १८४२’ असं स्पष्ट होतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो: १९२०. आणि १९२० हे नाशिकच्या सिंहस्थाचं वर्ष, त्यामुळे यात्रेकरूंसाठी पुस्तिका त्याच वर्षी निघावी हेही जुळतं. मधल्या पानाच्या फोटोतच पुरावा होता. रेल्वेने येणाऱ्यांनी नाशिकरोडला उतरावं आणि तिथून ट्रामने गावात यावं, अशी सूचना त्यावर छापलेली. मुंबईहून पहिली रेल्वे धावली तीच १८५३ साली. १८४२ मध्ये ही ओळ छापली जाणं शक्य नाही.

विक्रेत्याने फसवलं असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. शके आणि सन यांची गल्लत जुन्या पुस्तकांच्या बाजारात रोज होते. पण या गल्लतीमुळे किंमत फार वाढली होती. १८४२चं छापील मराठी पुस्तक आणि १९२०ची यात्रा-पुस्तिका यांच्या मोलात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी त्यांना फोन केला, हिशेब सांगितला, रेल्वेची ओळ दाखवली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. माझ्याकडची अशी आणखी दोन पुस्तकं चुकीच्या सालाने लावलीत मी.” त्याच संध्याकाळी त्यांनी सगळीकडची सालं बदलली. त्या माणसावर विश्वास ठेवायचा हे मी तेव्हाच ठरवलं.

नकाशा उघडताना

आता खरा प्रश्न: नकाशा आहे का?

“नकाशा आहे मॅडम,” ते बाईंना म्हणाले, “पण उघडायची भीती वाटते. घडीवर कागद तुटतोय.”

“मग उघडू नका,” बाई म्हणाल्या. “आधी कसा उघडायचा ते ठरवू.”

त्या काळातला स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा आणि ठिसूळ होतो, आणि घडीवर तर तो आधीच थकलेला असतो. बऱ्याच नकाशांचे तुकडे होतात ते गिऱ्हाइकाला फोटो पाठवण्याच्या नादात. आम्ही ठरवलं ते असं: पुस्तक टेबलावर आडवं, नकाशा हवेत धरायचा नाही, खाली कोरा कागद सरकवत एकेक घडी टेबलावर टेकवत न्यायची, आणि कुठे अडकला तर जोर न लावता तिथेच थांबायचं. आणि हे सगळं व्हिडिओत. शेवटच्या घडीपर्यंत ते गेले. नकाशा पूर्ण होता. एका घडीवर भेग होती आणि तिने एका नावातली दोन अक्षरं खाल्ली होती, बाकी सगळं वाचता येत होतं. फोनच्या पडद्यावर तो नकाशा पाहताना बाईंच्या तोंडून कुंडांची नावं एकामागून एक निघत होती.

बाकीच्या फोटोंची यादी मी पाठवली. नावाचं पान आणि त्याची मागची बाजू. शेवटचं पान, पानाच्या आकड्यासह. पाठीकडची शिवण. पानांचा गठ्ठा कडेने, म्हणजे कसरीची भोकं किती खोल गेली आहेत ते कळतं. पुठ्ठ्याची आतली बाजू, कारण वाळवी तिथे असते आणि वाचनालयाचे शिक्केही तिथेच असतात. शिक्का असेल तर तो रद्द केल्याची नोंद आहे का, हेही विचारावं. एखाद्या चालू वाचनालयातून गेलेलं पुस्तक आपल्या घरात येऊ नये. इथे शिक्का नव्हता. शेवटचं पान ९६ होतं, म्हणजे सोळा पानांचे सहा फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेल्या पानांचे गठ्ठे), आणि वाचनालयातल्या प्रतीशीही जुळत होतं.

किंमत

छापलेली किंमत सहा आणे. तिचा आता काही उपयोग नाही. दुर्मिळ पुस्तकाला ठरलेला भाव नसतो. दोन माणसांचं जमेल ते.

घासाघीस कशावर करायची याबद्दल माझं मत ठाम आहे. “तुम्ही हे रद्दीतून किलोच्या भावाने आणलंय” हे वाक्य मी कधी बोलत नाही आणि कोणी बोललेलं मला आवडत नाही. आणलं असेल. पण त्या ढिगातून ही एक पुस्तिका ओळखणं, झाडणं, जपणं आणि बरोबर माणसापर्यंत पोचवणं हेच त्या माणसाचं काम आहे, आणि त्याने ते केलं नसतं तर ती लगद्यात गेली असती. बोलायचं असेल तर प्रतीवर बोलावं. साल चुकलं होतं, समासात कसर होती, नकाशाला भेग होती. या तीन गोष्टींवर बोलणं झालं आणि १,८०० ठरले. आणखी ओढलं असतं तर कदाचित दीड हजारांत आलं असतं. बाईंना ते नको होतं, मलाही.

ठरलेल्या गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच निरोपात लिहून घेतल्या: नकाशासह ९६ पानं, अमुक फोटोंप्रमाणे स्थिती, वेगळं काही निघालं तर परत घेऊन पूर्ण पैसे, टपालखर्च खरेदीदाराचा. त्यांनी “मान्य” लिहिलं. याला कोणी अविश्वास म्हणेल, पण उलट असा निरोप दोघांनाही मोकळं करतो. अर्धे पैसे आधी आणि अर्धे टपालाची पावती आल्यावर. पैसे घेताना यूपीआयचा पिन लागत नाही. परताव्याच्या नावाखाली कोणी पिन टाकायला सांगत असेल तर ती फसवणूक आहे, आणि पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावं. इथे तशी वेळ आली नाही. २०२०चे ई-कॉमर्सचे ग्राहकसंरक्षण नियम नियमित धंदा करणाऱ्याला लागू होतात. घरातली चार पुस्तकं स्वतःहून विकणाऱ्या माणसाला नाहीत. अशा खासगी विक्रीत लेखी निरोपाचा आधार आणखीच मोठा.

टपाल

पुस्तकांची स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा या छोट्या विक्रेत्यांचं कंबरडं मोडलं. दोनशे रुपयांच्या पुस्तकाला पाऊणशे-शंभर टपालखर्च लागला तर गिऱ्हाईक मागे फिरतं. १ मे २०२५पासून टपाल खात्याने ज्ञान पोस्ट सुरू केली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ती जमिनीवरून जाते, म्हणून वेळ लागतो. आणि पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं, ही अट नावाचं पान गेलेल्या जुन्या पुस्तकाला अडचणीची ठरू शकते. रोजच्या वाचनाच्या पुस्तकांना ही सेवा उत्तम. या पुस्तिकेसाठी मात्र आम्ही विमा उतरवून स्पीड पोस्टाचा आग्रह धरला.

बांधणी मी सांगितली तशी झाली: आधी साधा कोरा कागद, मग प्लास्टिक, मग दोन्ही बाजूंनी पुस्तकापेक्षा मोठे पन्हाळी पुठ्ठे, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत. दिवस पावसाचे होते. चिकटपट्टी पुस्तकाला कुठेच लागू द्यायची नाही. पाकीट आलं तेव्हा बाईंनी ते कॅमेऱ्यासमोर उघडलं. जसं सांगितलं होतं, तशीच प्रत.

कसर असलेलं पुस्तक थेट कपाटात ठेवायचं नाही. हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये, मग पिशवी न उघडता दिवसभर बाहेर, म्हणजे दमट हवेचं पाणी कागदावर धरत नाही. भेगेला बाईंनी हात लावला नाही. सेलोटेप तर नाहीच. त्याचा डिंक काही वर्षांत कागदात उतरून तपकिरी डाग सोडतो, आणि मग तज्ज्ञालाही ते काढणं अवघड जातं. नकाशाचे वरून, सपाट उजेडात फोटो घेतले आणि मूळ प्रत पुन्हा मिटली.

जे निघालं

पुस्तिका वाचायला घेतल्यावर प्रस्तावनेच्या शेवटी एक गोष्ट सापडली. लेखकाने लिहिलं आहे की नकाशात दोन कुंडांची नावं अदलाबदल झाली असून वाचकांनी शुद्धिपत्र पाहावं. आमच्या प्रतीत शुद्धिपत्र नाही. ते फर्म्यातलं पान नव्हतंच. ९६ पानं पुरी आहेत. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत डिंकाचा एक आडवा पट्टा आहे, तिथे ती चिठ्ठी चिकटवलेली असणार. डिजिटल प्रतीतही ती नाही. कोणती दोन नावं, हे कळल्याशिवाय नकाशावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, आणि नकाशासाठीच तर सगळा खटाटोप होता.

विक्रेत्याला कळवलं. त्यांनी पाकीट, जुनी वही, ढीग सगळं उलथून पाहिलं आणि स्वतःहून पाचशे रुपये परत द्यायची तयारी दाखवली. बाईंनी घेतले नाहीत. मला ते पटलं नाही. ठरावात ‘वेगळं काही निघालं तर’ असं स्पष्ट होतं, आणि उणीव निघाली तर किंमत कमी होणं हा सरळ व्यवहार आहे, त्यात कोणाचा अपमान नाही. बाईंचं म्हणणं वेगळं: त्या चिठ्ठीबद्दल विक्रेत्यालाही माहीत नव्हतं, आपल्यालाही नव्हतं, आणि पाचशे रुपयांनी ती येणार नाही. त्यांनी पैशांऐवजी एक काम मागितलं. अशी पुस्तिका पुन्हा कुठे दिसली, विकत घ्यायची नसली तरी, शेवटचा पुठ्ठा आधी पाहायचा.

बाईंनी इतर विक्रेत्यांनाही निरोप पाठवला आहे. पुस्तिकेचं नाव, ‘नासिक’ आणि ‘नाशिक’ दोन्ही प्रकारे, शके १८४२ म्हणजे इसवी सन १९२०, आणि पुढे: “प्रत फाटकी असली, नकाशा नसला तरी कळवा. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत शुद्धिपत्राची चिठ्ठी असेल तर फक्त तिचा स्पष्ट फोटो हवा आहे. फोटोचे पैसे देऊ.” सांगली आणि पुण्याकडून दोन उत्तरं आली आहेत. दोन्ही प्रतींचा शेवटचा पुठ्ठा नवा आहे.